सौंसरचा आवाज आणि सभागृहाचे नियम

सौंसर तहसिलीतील शेतकऱ्याचे घर, त्याची संत्र्याची बाग आणि त्याची भाषा ही ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी जेथे होती तेथेच दुसऱ्या दिवशीही राहिली. बदलली ती त्याची विधानसभा. आदल्या दिवसापर्यंत त्याचा प्रतिनिधी नागपूरच्या सभागृहात बसत होता. १ नोव्हेंबरपासून तो भोपाळच्या सभागृहाचा सभासद झाला. सौंसरपासून नागपूर अवघे साठ-पासष्ट किलोमीटर. पांढुर्ण्याच्या माणसाला भोपाळ गाठायचे तर रेल्वेने बैतूल आणि इटारसी ओलांडून जावे लागते. पण अंतराची गोष्ट गौण आहे. जुन्या मध्यप्रदेश राज्यात १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. नव्या मध्यप्रदेशाने १९५७ च्या कायद्याने राजभाषा म्हणून हिंदीचा स्वीकार केला. नागपुरात मराठी ही घरची भाषा होती. भोपाळात ती अध्यक्षांच्या अनुज्ञेची भाषा झाली.

या घटनेची चर्चा सामान्यतः सीमाप्रश्न म्हणून होते. राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात विदर्भाचे आठ मराठी जिल्हे वेगळे काढले. जिल्हा हाच हिशेबाचा घटक धरल्यामुळे मराठीबहुल सौंसर तहसील हिंदीबहुल छिंदवाडा जिल्ह्याबरोबर राहिली. घटक गाव धरला असता तर हिशेब निराळा झाला असता, हे म्हणणे निव्वळ भावनेचे नव्हे. आंध्र आणि मद्रास या राज्यांमधील सीमेचा वाद सोडविताना हरि विनायक पाटसकर यांनी गाव हाच घटक धरला आणि त्या तत्त्वावर केलेला सीमाबदल १ एप्रिल १९६० पासून अंमलात आला. योगायोग असा की हेच पाटसकर १९५७ ते १९६५ या काळात मध्यप्रदेशाचे राज्यपाल होते. दक्षिणेतील गावांना ज्यांच्या सूत्राचा लाभ झाला, तेच गृहस्थ भोपाळच्या सभागृहात अभिभाषण करीत होते, आणि सौंसरचा प्रतिनिधी समोर बसून ते ऐकत होता. राज्यपालाला स्वतःच्या राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार नसतो, हे येथे सांगितले पाहिजे. नाहीतर पाटसकरांवर अन्याय होईल.

सीमा एकदा निश्चित झाल्यावर मात्र त्या तहसिलीच्या हाती काय उरले, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. उरला तो सभागृहातील एखाद-दुसरा आवाज. आणि तो आवाज केव्हा उठावा, किती वेळ चालावा, कोणत्या भाषेत असावा, त्याला कोणी उत्तर द्यावे, हे सारे ठरविणारे नियम. मोठ्या पक्षाला नियमांची फिकीर करण्याचे कारण क्वचितच पडते. त्याच्या बाजूला संख्या असते. थोड्यांच्या बाजूला फक्त नियम असतो.

हे नियम घडविण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम सभागृहाची नियम समिती करते. राज्यघटनेच्या २०८ व्या कलमाने प्रत्येक विधानसभेला स्वतःच्या कामकाजाचे नियम स्वतः करण्याचा अधिकार दिला आहे. पण शेकडो सभासदांनी एकत्र बसून नियमांची कलमे लिहिणे शक्य नसते. म्हणून एक लहान समिती नेमली जाते. लोकसभेची पद्धत राज्यांनाही नमुन्यासारखी उपयोगी पडली आहे. तेथे या समितीत १५ सभासद असतात, अध्यक्ष त्यांना नामनिर्देशित करतात आणि स्वतः पदसिद्ध सभापती असतात. समितीचा अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला जातो. त्यानंतर सात दिवसांत कोणत्याही सभासदाला दुरुस्तीची सूचना देता येते. कोणी काहीच सूचना दिली नाही तर शिफारशी मान्य झाल्या असे धरले जाते. शाळेत धडा कोणता शिकवायचा यावर शिक्षकांची चर्चा रंगते, पण कोणत्या विषयाला कितवा तास द्यायचा हे वेळापत्रक भिंतीवर लागले की मगच त्याकडे पाहिले जाते, आणि तोवर चित्रकलेचा तास शनिवारी शेवटी गेलेला असतो. नियम समितीच्या अहवालाचे असेच होते.

नागपूरच्या सभागृहाचा इतिहास पाहिला तर नियम करण्याचा हा अधिकार किती सावकाश हाती आला ते दिसते. मध्यप्रांताची विधान परिषद १९१४ च्या ऑगस्टमध्ये नागपुरात प्रथम भरली. तेव्हा नियम सरकार करीत असे आणि सभासदांनी ते पाळावयाचे असत. १९१९ च्या कायद्याने थोडी सैल दिली. मुख्य नियम सरकारच्याच हाती राहिले, पण त्यांखालील स्थायी आदेश बदलण्याची मुभा परिषदेला मिळाली. तीही गव्हर्नरच्या संमतीने. नव्या परिषदेचे पहिले अध्यक्ष सर गंगाधरराव चिटणवीस हेही नेमलेले होते, निवडलेले नव्हते.

अशा परक्या हातांनी केलेल्या नियमांतूनही वाट काढता येते, हे नागपूरच्याच परिषदेने १९२४ साली दाखविले. डॉ. मुंजे प्रभृतींच्या स्वराज्य पक्षाचे तेथे बहुमत होते. मंत्र्यांच्या वेतनाची मागणी सभागृहापुढे आली आणि मागणीत कपात सुचविण्याचा सभासदांचा साधा हक्क वापरून त्यांनी ते वेतन वर्षाला दोन रुपयांवर आणून ठेवले. वेतन नाकारलेही नाही आणि दिलेही नाही. दोन रुपयांत कोणी मंत्री राहिना. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांना सोपीव खात्यांचा कारभार आपल्या हाती घ्यावा लागला आणि द्विदल राज्यपद्धतीचा पोकळपणा प्रांतभर उघडा पडला. त्या सभासदांनी नियम मोडला नव्हता, तो काळजीपूर्वक वाचला होता.

१९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभेला आपल्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार दिला. मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या विधानसभेत ११२ सभासद होते आणि १९३७ पासून घनश्यामसिंह गुप्त हे तिचे अध्यक्ष होते. या कायद्यातील भाषेविषयीचे ८५ वे कलम सौंसरच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. कामकाज इंग्रजीत चालेल असे ते म्हणते. पण ज्यांना इंग्रजी येत नाही किंवा पुरेसे येत नाही त्यांना दुसरी भाषा वापरता यावी, अशी तरतूद सभागृहाच्या नियमांनी केलीच पाहिजे, असेही त्यातच सांगितले आहे. म्हणजे मराठीत बोलणे ही कोणाच्या मर्जीची बाब नव्हती. ती सोय नियमांत असणे कायद्यानेच बंधनकारक केले होते. परकीय सत्तेचा कायदा, पण त्याची ही एक ओळ न्याय्य होती.

राज्यघटनेचे २१० वे कलम यापेक्षा उदार आहे आणि एका बाबतीत किंचित आखडते. राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत बोलण्याचा हक्क ते देते. या भाषांत ज्याला आपले म्हणणे पुरेसे मांडता येत नाही, त्याला मातृभाषेत बोलण्याची अनुज्ञा अध्यक्ष देऊ शकतात. 'देऊ शकतात' आणि 'सोय असलीच पाहिजे' यांतील फरक व्याकरणाचा वाटतो. पण व्यवहारात तो सत्तेचा फरक आहे. पूर्वी नियम बोलत होता, आता अध्यक्षांचा विवेक बोलतो.

नागपूरचे राज्य असेपर्यंत हा फरक कोणाला जाणवला नाही, कारण मराठी स्वतःच राजभाषा होती. सौंसरच्या आमदाराने अनुज्ञा कशासाठी मागावी? १ नोव्हेंबर १९५६ नंतर मात्र तेच कलम त्याच्यासाठी निराळ्या अर्थाने उघडले.

डिसेंबर १९५६ मध्ये भोपाळच्या मिंटो हॉलमध्ये नवी विधानसभा प्रथम भरली. पंडित कुंजीलाल दुबे अध्यक्षस्थानी होते आणि १९६७ पर्यंत राहिले. त्या सभागृहाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. विदर्भ वगळता जुन्या मध्यप्रदेशाचे सभासद, मध्यभारताचे, विंध्यप्रदेशाचे आणि भोपाळ राज्याचे, असे चार सभागृहांचे लोक एका छताखाली आले होते. जुन्या मध्यप्रदेशाच्या विधानसभेत २३२ जागा होत्या, मध्यभारताच्या ९९, विंध्यप्रदेशाच्या ६० आणि भोपाळच्या ३०. प्रत्येकाची कामकाजाची रीत आपली. ग्वाल्हेर-इंदूरकडून आलेल्याला एक वहिवाट ठाऊक, रीवाच्या माणसाला दुसरी. प्रश्नाची सूचना किती दिवस आधी द्यायची, स्थगन प्रस्ताव केव्हा घ्यायचा, मतविभागणी कशी मागायची, या साध्या गोष्टींतही सवयी जुळवून घ्याव्या लागणारच. चार घरांतून आलेल्या सुनांनी एका स्वयंपाकघरात चूल मांडावी तसा तो प्रकार होता. अशा वेळी सभागृहाची भिस्त लिहिलेल्या नियमावर पडते, कारण सामाईक अशी तेवढी एकच गोष्ट असते.

या चौघांत सौंसर कोठे होते? जुन्या मध्यप्रदेशाच्या गटात, पण त्या गटातील मराठी सभासदांचा मोठा भाग विदर्भाबरोबर मुंबई राज्यात निघून गेलेला. नागपुरात ज्या बाकांवरून मराठी ऐकू येई ते बाक आता मुंबईत होते. १९६० नंतर नागपूरच्या त्याच सभागृहात महाराष्ट्राची विधानसभा हिवाळी अधिवेशनासाठी भरू लागली. सौंसरच्या माणसाला जवळची असलेली इमारत पुन्हा मराठीने भरली, परंतु त्यात त्याचा प्रतिनिधी नव्हता.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला हिंदी येत नाही असे मुळीच नाही. त्याच्या बोलीत दोन्ही भाषा मिसळल्या आहेत, पटवारी आणि खसरा हे शब्द त्याच्या रोजच्या व्यवहारातले आहेत, आणि बाजारात तो ग्राहक पाहून भाषा बदलतो. म्हणूनच २१० व्या कलमाची अनुज्ञा त्याच्या प्रतिनिधीला बहुधा लागू होणार नाही. हिंदीत पुरेसे बोलता येत नाही असे तो प्रामाणिकपणे कसे म्हणणार? अडचण बोलणाऱ्याची नाही, ऐकणाऱ्याची आहे. मराठी शाळेत शिक्षक नाही, मराठी पुस्तक वेळेवर येत नाही, मराठीत केलेला अर्ज कचेरीत पडून राहतो, अशा तक्रारीचे सभागृहात हिंदीत भाषांतर झाले की तिच्यातील निकड निम्मी ओसरते. भाषिक अल्पसंख्यांकांसाठी १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमे घातली. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय आणि देखरेखीसाठी विशेष अधिकारी त्यांत आहे. कलम असणे वेगळे आणि त्याविषयी मंत्र्याला सभागृहात उभे करून उत्तर घेणे वेगळे. दुसरी गोष्ट फक्त सभागृहाच्या नियमांनीच घडते.

तारांकित प्रश्न विचारला की तोंडी उत्तर द्यावे लागते आणि उपप्रश्न विचारता येतात. उत्तर अपुरे वाटले तर अर्धा तास चर्चेची सूचना देता येते. महाराष्ट्रात जिला लक्षवेधी म्हणतात तिलाच भोपाळात ध्यानाकर्षण म्हणतात. मंत्र्याने सभागृहात 'विचार करू', 'चौकशी करू' असे म्हटले तर ते वाऱ्यावर जाऊ नये म्हणून आश्वासन समिती असते. ही कल्पना लोकसभेत १९५३ साली गणेश वासुदेव मावळंकर अध्यक्ष असताना रुजली. मावळंकर हे कोकणातल्या मराठी घराण्यातले, कर्मभूमी अहमदाबाद; मुंबई विधानसभेचे अध्यक्ष, मग मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष (तेथे सरकारी उमेदवाराविरुद्ध ते ६६ विरुद्ध ६३ मतांनी निवडून आले) आणि १९५२ पासून लोकसभेचे पहिले अध्यक्ष. संसदेच्या नियमांवर त्यांची छाप आजही दिसते. उत्तरप्रदेशातही १९५२ ते १९६२ या काळात आत्माराम गोविंद खेर हे अध्यक्ष होते आणि त्या विधानसभेचे १९५८ चे नियम त्यांच्याच कारकिर्दीतले. मराठी नावाच्या माणसांनी अमराठी सभागृहांचे नियम राखले, हे सौंसरच्या वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नियमाला भाषा असते, पण जात नसते.

नियम समिती बलाढ्य झाली तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत मिळते. तेथील प्रतिनिधिगृहात कोणते विधेयक केव्हा आणि किती वेळ चर्चेला घ्यावे हे नियम समिती ठरविते. व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ १९५५ ते १९६७ पर्यंत तिचे सभापती होते. नागरी हक्कांचे विधेयक पुढे येऊ लागले की ते समितीची बैठकच बोलवीत नसत. १९५७ साली तर आपल्या शेतावरील गोठा जळाल्याचे कारण सांगून ते राजधानीतून निघून गेले. अखेर १९६१ च्या जानेवारीत समितीची संख्या १२ वरून १५ करून त्यांची मगरमिठी सैल करावी लागली, आणि तो ठराव २१७ विरुद्ध २१२ अशा निसटत्या मतांनी संमत झाला. आपल्याकडील नियम समितीला असा अधिकार नाही. ती शिफारस करते, निर्णय सभागृहाचा असतो. हा शहाणपणाच म्हटला पाहिजे. पण तिच्या शांतपणामुळे ती निरुपद्रवी आहे असे समजणे भाबडेपणाचे होईल.

कामकाजाच्या क्रमाला केवढे महत्त्व येऊ शकते हे भोपाळने मार्च २०२० मध्ये पाहिले. छिंदवाड्याचे आमदार असलेले मुख्यमंत्री कमल नाथ यांचे बहुमत डळमळले होते. १६ मार्चला अध्यक्षांनी सभागृह २६ मार्चपर्यंत तहकूब केले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २० मार्चला सभागृह भरवावे, विषय एकच असावा, मतदान हात वर करून व्हावे आणि त्याचे चित्रण करावे, इतक्या बारकाव्याने न्यायालयाने आदेश दिला. मतदानापूर्वीच मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. राज्यघटनेचे २१२ वे कलम सभागृहाच्या कार्यपद्धतीतील अनियमिततेची चौकशी न्यायालयांना मना करते. तरीही बहुमताच्या परीक्षेची वेळ आणि मतदानाची रीत बाहेरून ठरवून घ्यावी लागली. सभागृहाने आपले नियम आपण सांभाळले नाहीत की ते दुसऱ्याच्या हाती जातात, मग पक्ष कोणताही असो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात तो गोटमारीचा गाव आता जिल्ह्याचे ठाणे आहे. जिल्हा हाच घटक धरून १९५५ साली ज्या तहसिलीचा हिशेब झाला होता, तिला अडुसष्ट वर्षांनी आपल्या बहुभाषेचा जिल्हा मिळाला. विधानसभेतील बळ मात्र त्याने वाढले नाही. २००० साली छत्तीसगड वेगळे झाल्यानंतर मध्यप्रदेश विधानसभेत २३० जागा उरल्या. त्यांपैकी सौंसर एक आणि पांढुर्णा एक.

पांढुर्ण्याची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. या भागात गोंड समाजाची वस्ती जुनी आहे आणि गोंडी ना मराठी आहे ना हिंदी. मराठीवरील अन्यायाची गाऱ्हाणी सांगणाऱ्यांना याचा विसर पडतो. नागपूरच्या जुन्या सभागृहात हिंदी-मराठीचा समतोल अभिमानाने सांगितला जाई, तेव्हाही गोंडीला त्यात स्थान नव्हते. लोकसभेत १९६४ पासून इंग्रजी-हिंदीचे तत्काळ भाषांतर सुरू झाले आणि पुढे मराठीसह इतर भाषांची सोय वाढत गेली. नुसती अनुज्ञा देऊन भागत नाही, समोरच्याच्या कानात अर्थ पोचविणारा दुभाषा लागतो, हे तेथे उमगले. अशी सोय करण्यासाठी घटना बदलावी लागत नाही. अध्यक्षांचा आदेश पुरतो, नाहीतर नियम समितीची एक शिफारस. ती पटलावर ठेवली जाते आणि सात दिवस वाट पाहिली जाते. २१० व्या कलमात 'मातृभाषा' असा शब्द आहे. ती मातृभाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील असावी अशी अट त्यात नाही. त्या शब्दात सौंसरची मराठी बसते आणि पांढुर्ण्याची गोंडीही बसते.